अल्पाइन झाडांची फोटो स्पर्धा: प्रवेशिका बाद होऊ नये म्हणून काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

आमच्या बागकाम क्लबच्या, अल्पाइन म्हणजे उंच डोंगरांवरच्या झाडांच्या फोटो स्पर्धेच्या प्रवेशिका गोळा करायच्या आणि परीक्षकांकडे जाण्याआधी त्यांना पहिली चाळणी लावायची, हे काम काही वर्षं माझ्याकडे होतं. चाळणीत गळणारे फोटो क्वचितच वाईट असतात. सुरेख फोटो, पण गट भलताच. संपूर्ण झाडाच्या गटात नुसतं एक फूल. उभा फोटो मापाबाहेर. नावाच्या रकान्यात ‘निळं फूल, छोटं’. लोक आधी फोटो काढतात आणि नियम शेवटच्या रात्री वाचतात, तिथून हे सगळं सुरू होतं. खालचा क्रम नियमांपासून सुरू होतो. कॅमेरा चौथ्या टप्प्यावर बाहेर येतो.

१. आधी गट ठरवा, मग झाड

नियमपत्रक छापून घ्या किंवा वहीत उतरवून काढा. मोबाइलवर वर-खाली सरकवत वाचलं की नेमकी एक ओळ निसटते, आणि तीच नडते.

गटांची नावं प्रत्येक क्लबात वेगळी असली तरी मागणी साधारण चार प्रकारची असते. पहिला गट संपूर्ण झाडाचा. यात फुलं, पानं, वाढीची ठेवण आणि झाड जमिनीला किंवा कुंडीला कसं बसलंय, हे सगळं एका चौकटीत दिसायला हवं. दुसरा जवळून टिपलेल्या तपशिलाचा: एक फूल, पुंकेसर, पानांची रचना, बियांचं बोंड. तिसरा नैसर्गिक अधिवासाचा. तिथे झाड रानातलंच लागतं आणि भोवतालचा खडक, उतार, बर्फाची कड हा फोटोचा अर्धा विषय असतो. चौथा बागेतल्या रचनेचा: रॉक गार्डन (दगडांमध्ये लावलेली बाग), दगडी कुंड, खडकाच्या भेगेतली लागवड. काही ठिकाणी कलात्मक गटही असतो आणि रंगांचे किंवा प्रकाशाचे प्रयोग बहुधा तिथेच चालतात.

सर्वाधिक घोटाळा पहिल्या आणि दुसऱ्या गटात होतो. जेन्शियानाचं निळं तुतारीसारखं फूल पूर्ण चौकट भरून टिपलं की फोटो देखणा दिसतो, पण त्यात झाड कुठे आहे? पानांचा जमिनीलगतचा झुबका दिसत नसेल तर तो संपूर्ण झाडाचा फोटो नाही. परीक्षक बागकाम करणारे असतील तर ते आधी झाड बघतात, फोटोग्राफी नंतर.

पत्रकातून या गोष्टींची उत्तरं शोधून समासात लिहा: फोटो कोणत्या काळातला चालतो, एका व्यक्तीला एका गटात किती प्रवेशिका, आधी बक्षीस मिळालेला फोटो चालतो का, संपादन किती चालतं, अनेक फोटो एकत्र करून बनवलेली प्रतिमा चालते का. आणि ‘अल्पाइन’ म्हणजे त्यांना नक्की काय हवंय? काटेकोर अर्थाने वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे उंचीमुळे झाडोरा संपतो त्याच्या पलीकडे वाढणाऱ्या या वनस्पती. पण बहुतेक क्लब रॉक गार्डनमध्ये लावता येणारे बुटके कंद, छोटे नेचे, ठेंगणी सूचिपर्णी झाडंही यात धरतात. उत्तर पत्रकात सापडत नसेल तर आयोजकांना विचारा. विचारल्याने कुणी हसत नाही. न विचारता पाठवलेली उंच वाढणारी लिली बाद करताना मात्र आम्हालाच वाईट वाटतं.

तपासा: प्रत्येक गटापुढे तुम्ही काढू शकाल अशा झाडाचं नाव लिहिलंय का? रकाना रिकामा राहत असेल तर तो गट सोडून द्या. ओढूनताणून भरलेली प्रवेशिका लगेच ओळखू येते.

२. झाड आणि दिवस

अल्पाइन झाडांचा बहर थोडे दिवस टिकतो, आणि त्यातही फोटोला योग्य असे दिवस दोन-तीनच. पहिली फुलं पूर्ण उमललेली, काही कळ्या शिल्लक आणि एकही पाकळी कडेने तपकिरी नाही, हा क्षण गाठायचा. पूर्ण बहराची वाट पाहत बसलात तर पहिली फुलं कोमेजलेली असतात.

दिवसाचं गणित झाडागणिक बदलतं. जेन्शियाना आणि क्रोकस यांची फुलं ऊन आणि ऊब मिळाली तर उघडतात. ढगाळ, गार हवेत मिटून बसतात. म्हणजे ‘फुलांच्या फोटोला ढगाळ हवा उत्तम’ हा नेहमीचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. अशा झाडांना ऊन लागू द्या, फुलं उघडू द्या, मग पांढऱ्या कापडाने किंवा छत्रीने ऊन मऊ करून फोटो काढा. पांढऱ्या फुलांच्या सॅक्सिफ्रागाला, अँड्रोसेसला मात्र ढगाळ उजेड मानवतो.

३. साफसफाई: कुंडीत हवी, रानात नको

माझ्या मते या स्पर्धेतली निम्मी हारजीत इथे ठरते, आणि नेमका हाच टप्पा लोक घाईत उरकतात.

कुंडीतलं झाड असेल तर आदल्या दिवशी तयारीला बसा. एक बारीक चिमटा, एक मऊ ब्रश, चांगला उजेड. वाळकी पानं, गळालेल्या पाकळ्या, शेवाळ, उगवलेलं तण चिमट्याने काढा. वरची बारीक खडी मातकट झाली असेल तर तेवढाच थर बदला. कुंडीची कड ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या कुंडीवर क्षारांचे पांढरे डाग चढलेले असतात आणि फोटोत ते फुलांआधी दिसतात. नावाची पट्टी काढून बाजूला ठेवा, पण फोटो झाल्यावर लगेच परत खोचा. एकदा मी सहा कुंड्यांच्या पट्ट्या एकत्र काढल्या आणि नंतर ड्रॅबा नावाच्या दोन झाडांमधलं कोणतं कोणतं हे सांगता येईना. ती दोन्ही झाडं त्या वर्षी स्पर्धेला गेली नाहीत.

कशाला हात लावायचा नाही, हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं. प्रिम्युला ऑरिक्युलाच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. बोट लागलं की ठसा उमटतो, पाणी पडलं की डाग पडतो, आणि त्या पानावर तो राहतोच. सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटाच्या पानांच्या कडेला चुन्याचे पांढरे कण असतात; ती घाण नाही, झाडानेच बाहेर टाकलेला चुना आहे आणि त्यावरूनच ते ओळखलं जातं. सेम्परव्हिवम अराक्नॉइडियमवर कोळ्याचं जाळं लागलंय असं वाटून एकाने ते इमानेइतबारे चिमट्याने साफ केलं होतं. ते जाळं त्या झाडाच्या स्वतःच्या केसांचं असतं.

फवारणीने पाण्याचे थेंब पाडण्याचा मोहही टाळा. लव असलेल्या पानांवर ते खोटे दिसतात, आणि उशीसारख्या घट्ट वाढणाऱ्या झाडांच्या आत पाणी साचलं तर ती कुजतात.

रानातल्या झाडाला उलटा नियम. तिथे काहीही उपटायचं, तोडायचं, खणायचं नाही. आडवं आलेलं गवताचं पातं हाताने किंवा सैल दोऱ्याने बाजूला धरा आणि फोटो झाला की सोडा. एखाद्या दगडामुळे चौकट बिघडत असेल तर दगड न हलवता स्वतः हला. सायलीन अकॉलिससारखी झाडं इतकी सावकाश वाढतात की वीतभर रुंद उशीमागे कित्येक दशकं असतात, आणि ती मोडायला तिच्यावर टेकलेला एक गुडघा पुरतो. पाय खडकावर ठेवा, ट्रायपॉडचे पायही.

सावध: भोवती ‘साफ’ केलेली माती आणि ताजी कापलेली गवताची टोकं अनुभवी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. अधिवासाच्या गटात असा फोटो मागे पडतो. काही ठिकाणी थेट बाद होतो.

४. चौकट, उजेड, फोकस: याच क्रमाने

सामानाची यादी छोटी आहे. खाली, जमिनीपर्यंत येणारा ट्रायपॉड किंवा वाळू-तांदूळ भरलेली पिशवी, एक पांढरा पुठ्ठा, अंगाखाली घ्यायला जाड प्लास्टिक. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर संपूर्ण झाडाच्या आणि अधिवासाच्या गटांत काही अडत नाही.

आधी उंची ठरवा. झाड पाच सेंटिमीटर उंच असेल तर कॅमेराही तेवढाच खाली यायला हवा. उभ्याने वाकून काढलेल्या फोटोत उशीसारखं झाड सपाट चकतीसारखं दिसतं. सोल्डानेलासारखी मान खाली घातलेली फुलं असतील तर आणखी खाली जा, घंटेच्या आतली बाजू थोडी दिसेपर्यंत. अपवाद रोझेटचा, म्हणजे गुलाबासारख्या रचलेल्या पानांचा. त्याची भूमिती वरून, अगदी सरळ वरूनच दिसते.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमी. झाडाकडे न बघता चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. पांढरा दगड, पाण्याची नळी, दुसऱ्या कुंडीची कड, स्वतःची सावली. कॅमेरा बोटभर डावीकडे सरकवला तरी यातलं बरंचसं निघून जातं. कुंडीसाठी मागे गडद, चमक नसलेलं कापड चालतं. झाडापासून ते निदान हातभर लांब ठेवा, म्हणजे सुरकुत्या दिसत नाहीत.

तिसरा उजेड. कडक ऊन असेल तर ते मऊ करा आणि सावलीच्या बाजूने पांढरा पुठ्ठा धरून थोडा उजेड परत टाका. गडद खडकावरचं पांढरं फूल ही नेहमीची फसगत. कॅमेरा काळ्या खडकाकडे बघून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि पाकळ्यांचा नुसता पांढरा डाग होतो. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). उलट, पांढऱ्या फुलांनी चौकट भरली असेल तर कॅमेरा ती राखाडी करतो, तिथे थोडं वाढवावं लागतं. एडलवाइसला दोन्हींचा त्रास होतो, कारण त्याच्या पांढऱ्या ‘पाकळ्या’ म्हणजे लोकरीसारखी लव असलेली पानं आहेत. ती लव दिसली तरच फोटोला अर्थ आहे.

फोकस सगळ्यात शेवटी. कुठे धरायचा? फुलाच्या तपशिलात पुंकेसर आणि फुलाचा गळा. एडलवाइसमध्ये मधले पिवळसर गोंडे, कारण खरी फुलं तीच. संपूर्ण झाडात कॅमेऱ्याकडच्या बाजूचं सर्वांत ठळक फूल. मग प्रश्न खोलीचा, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो याचा. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर झाड सेन्सरवर खऱ्या आकारात, म्हणजे एकास एक प्रमाणात टिपताना, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ ठेवलं तर स्पष्ट दिसणारी खोली साधारण सव्वा मिलिमीटर असते. प्रतिमा निम्म्या आकाराची ठेवली तर तीच जवळपास चार मिलिमीटर होते. म्हणून थोडं मागे या आणि नंतर क्रॉप करा. हा उपाय साधा आहे आणि बहुतेक वेळा पुरतो. अपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक केलं तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळा फोटो मऊ पडतो. कॅमेऱ्याचा सेन्सर आणि फुलाचा मुख्य प्रतल समांतर ठेवला तर आहे तीच खोली जास्त कामी येते.

फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फोटो काढून ते एकत्र करण्याची पद्धत नियमात बसत असेल तरच वापरा, आणि वारा पूर्ण पडलेला असेल तरच. मधल्या एका फोटोत पाकळी हलली की तिच्या कडेला दुहेरी रेघ उमटते.

वारा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० करावा लागला तरी हरकत नाही. थोडे दाणे चालतात, हललेलं फूल चालत नाही. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळं: लेन्स पुसा. फार जवळ गेलात की बरेच मोबाइल आपोआप रुंद लेन्सवर जातात आणि पुढचं फूल राक्षसी, मागचं झाड चिमुकलं होतं. थोडं मागे येऊन मुख्य लेन्सनेच काढा. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद. तो पानांची लव आणि बारीक देठ कापून टाकतो, आणि मोठ्या पडद्यावर ते कात्रीने कापल्यासारखं दिसतं.

तपासा: जागेवरच फोटो पूर्ण मोठा करून फोकस बघा. रंगनिहाय हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती, हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) असेल तर तोही बघा. गर्द निळ्या फुलांत निळा रंग एकटाच उजव्या काठाला जाऊन आपटतो आणि पाकळ्यांवरच्या रेषा पुसल्या जातात. एकत्रित हिस्टोग्राममध्ये हे कळत नाही. शेवटी झाडाच्या पानांचा, देठाचा आणि फुलाच्या मागच्या बाजूचा एकेक साधा फोटो घ्या. तो स्पर्धेसाठी नाही, सहाव्या टप्प्यासाठी आहे.

५. निवड आणि संपादन

त्याच संध्याकाळी निवडू नका. खडकावर दोन तास पालथं पडून मिळालेला फोटो त्या दिवशी नेहमीच अप्रतिम वाटतो. दोन दिवसांनी बघा.

संपादनात आधी क्रॉप आणि सरळ करणं, मग एक्स्पोजर, मग रंग. रंगात हात आखडता घ्या. सावलीत काढलेली फुलं निळसर होतात, निळी फुलं कधी जांभळट होतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेची दुरुस्ती, खऱ्या फुलाशी ताडून बघा. कुंडी घरी असेल तर ती स्क्रीनशेजारी आणून ठेवायला काय हरकत आहे? सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवलेला जेन्शियाना बागकाम करणाऱ्यांना लांबूनच ओळखू येतो. धार वाढवताना लवेच्या कडांना पांढरी रेघ उमटली की एक पायरी मागे या.

धुळीचा ठिपका पुसणं बहुतेक नियमांत बसतं. खुडलेलं पान ‘परत’ आणणं किंवा दुसऱ्या फोटोतलं आकाश जोडणं बसत नाही.

६. नाव

बागकामाच्या क्लबात नावाला वजन असतं, कधी त्यावर गुणही असतात. शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहा: पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), त्याचं आद्याक्षर मोठं; दुसरा जातीचा (स्पीशीज), सगळी अक्षरं लहान; दोन्ही तिरप्या अक्षरांत. लागवडीतल्या वाणाचं नाव त्यापुढे एकेरी अवतरणात, सरळ अक्षरांत. संकराला गुणाकाराची खूण.

नावं बदलत राहतात. पूर्वी डोडेकॅथिऑन म्हणून ओळखली जाणारी झाडं आता प्रिम्युलात धरली जातात. जुनं नाव दिलं म्हणून सहसा कुणी बाद करत नाही, पण चुकीचं नाव खटकतं. जातीबद्दल खात्री नसेल तर फक्त प्रजातीचं नाव द्या आणि पुढे ‘जात अनिश्चित’ असं लिहा. पान, देठ आणि फुलाची मागची बाजू यांचे जे साधे फोटो घेतले होते ते जाणकाराला दाखवून नाव पक्कं करता येतं. एका फुलाच्या देखण्या फोटोवरून बऱ्याचदा येत नाही.

सावध: रानातल्या दुर्मिळ झाडाचं नेमकं ठिकाण लिहू नका. पर्वतरांग आणि अंदाजे उंची पुरते. फाइलमध्ये जीपीएसची नोंदही लपलेली असते. पाठवण्याआधी ती काढून टाका. झाडं खणून नेणारे लोकही फोटो बघतात.

७. फाइल

इथे कलेचा संबंध नाही, तरी सर्वाधिक प्रवेशिका इथेच अडकतात.

‘कमाल १९२० बाय १०८०’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चौकट: रुंदी १९२० पेक्षा जास्त नाही आणि उंची १०८० पेक्षा जास्त नाही. उभ्या फोटोची लांब बाजू १९२० करून पाठवणारे दरवर्षी भेटतात. उभा फोटो १०८० उंचीतच बसवायचा. दोनास तीन प्रमाणाचा असेल तर त्याची रुंदी ७२० येते. छोटी वाटते खरी, पण पडद्याची उंचीच तेवढी आहे. छापील गट असेल तर हिशोब वेगळा: ए-४ आकाराला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. छोटी फाइल ताणून मोठी करू नका.

रंगाची जागा (कलर स्पेस, फाइलमधले रंग नोंदवण्याची पद्धत) एसआरजीबी ठेवा. ॲडोबी आरजीबीतली फाइल प्रोजेक्टरवर बहुधा फिकी पडते, आणि मग फोटो काढणारा प्रोजेक्टरला दोष देतो. फाइल जेपेग, गुणवत्ता ८५ ते ९० टक्के. मोबाइलचा फोटो एचईआयसी प्रकारचा असेल तर आधी जेपेग करा.

फोटोवर सही, वॉटरमार्क, तारीख, किनार काहीही नको. परीक्षकांना नाव कळू नये म्हणूनच सगळा खटाटोप असतो. फाइलचं नाव पत्रकात सांगितलं असेल तसंच द्या, एखादी जागाही इकडची तिकडे न करता.

८. पाठवणं

व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर तो आकसतो आणि धार जाते. ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपच मागितलं असेल तर डॉक्युमेंट म्हणून. प्रवेश अर्जावरचा क्रम, गट आणि फाइलची नावं एकमेकांशी जुळवा. दोन फाइलींची अदलाबदल झाली तर दोन्ही प्रवेशिका चुकीच्या गटात जातात, आणि मुदत संपल्यावर आम्हाला ती दुरुस्त करता येत नाही, चूक डोळ्यांना दिसत असली तरी.

पाठवल्यावर ‘पाठवलेले’ मध्ये जाऊन तीच फाइल उघडा, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर. मूळ फाइल, न कापलेली, वेगळी जपून ठेवा. पहिल्या तीनांत आलात तर आयोजक ती मागतात. दोन दिवसांत पोच आली नाही तर विचारा. अंतिम तारखेच्या रात्री मात्र विचारू नका, त्या रात्री आमच्या इनबॉक्समध्ये इतर सगळ्यांच्याच प्रवेशिका येऊन पडत असतात.